तिकीट मतदारांनी द्यायचं, तर ते जूनपर्यंत शिल्लक ठेवा

डेमोक्रॅटिक आणि रिपब्लिकन पक्षांच्या राष्ट्रीय समित्यांच्या सर्व सदस्यांना,

सप्रेम नमस्कार.

४ जून २०२४ला न्यू जर्सीची प्रायमरी, म्हणजे पक्षांचे उमेदवार मतदारांनी निवडायची निवडणूक, होती आणि मी एडिसनमधल्या एका मतदान केंद्रावर बोर्ड वर्कर, म्हणजे मतदान कर्मचारी, म्हणून बसले होते. मतदान सकाळी सहाला सुरू होतं, त्यामुळे आम्हाला साडेपाचच्या आत हजर व्हावं लागतं. दहाच्या सुमारास एक तेलुगू गृहस्थ आले. पंचाहत्तरीचे असतील. तीन महिन्यांपूर्वीच त्यांनी नागरिकत्वाची शपथ घेतली होती आणि या देशातलं हे त्यांचं पहिलं मत. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, मुलाला बाहेर गाडीत थांबवून एकटेच आत आले. सही केली, यंत्रापाशी गेले, मत देऊन परत आले आणि माझ्या टेबलापाशी थांबून हळूच विचारलं, "राष्ट्राध्यक्षपदाचं तर मार्चमध्येच ठरलं ना? मग आज आपण काय ठरवलं?"

केंद्रावर आम्हाला उमेदवारांबद्दल काही बोलता येत नाही. मत दिल्याबद्दल मी त्यांचे आभार मानले. पण बोलायची मुभा असती तरी माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते तुम्ही द्यायचं आहे, म्हणून हे पत्र.

इंग्रजी प्रत तुमच्या पत्त्यावर वेगळी पाठवली आहे. मराठीत अशासाठी लिहिते आहे, की माझ्यासारखे कितीतरी मराठी लोक आता इथले नागरिक आहेत, नोव्हेंबरमध्ये न चुकता मत देतात, आणि प्रायमरीचा विषय निघाला की "त्यात आपलं काय?" म्हणून बाजूला होतात. त्यांनीही हे वाचावं आणि पटलं तर तुम्हाला लिहावं.

माझं माहेर मिरजेचं. वडील शाळामास्तर होते, त्यामुळे प्रत्येक निवडणुकीत त्यांना ड्युटी लागायची. आदल्या दिवशी मतपेट्या घेऊन कुठल्यातरी खेड्यात जायचे, रात्री शाळेच्या वर्गात सतरंजीवर झोपायचे आणि दुसऱ्या दिवशी पेट्या जमा करून मध्यरात्री घरी यायचे. मतदान हे त्यांच्या लेखी सोवळ्यातलं काम होतं. चीड एकाच गोष्टीची होती, तिकीटवाटपाची. "लोकांनी निवडायचं, पण मुंबई-दिल्लीत ठरलेल्या नावांतून," असं ते म्हणायचे. महाराष्ट्रात आजही तेच चालू आहे. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारपर्यंत एबी फॉर्म कोणाच्या हातात पडतो याची वाट बघत माणसं ताटकळतात. पंधरा वर्षं वॉर्डात राबलेला कार्यकर्ता हात हलवत घरी जातो आणि काल पक्षात आलेला फॉर्म घेऊन निघतो. मतदाराला कोणी विचारत नाही.

मी १९९७मध्ये इथे आले, २०११मध्ये नागरिक झाले. शेजारच्या बाईंनी मला प्रायमरी म्हणजे काय ते समजावून सांगितलं, आणि त्या रात्री मी वडिलांना फोन करून म्हटलं, "बाबा, इथे एबी फॉर्म मतदार देतात." त्यांचा विश्वास बसेना. पुन्हा पुन्हा विचारत राहिले, साधा माणूससुद्धा? वर्गणी न भरलेला, सभेला न गेलेला? मी म्हटलं, हो, आमच्या राज्यात तर कुठल्याच पक्षात नाव नसलेल्यालाही त्या दिवशी केंद्रावर जाऊन पक्ष सांगितला की मत देता येतं. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "मग एकही चुकवू नकोस."

मी एकही चुकवलेली नाही. त्यातून राष्ट्राध्यक्षपदाच्या बाबतीत मला काय मिळालं, ते ऐका.

२०१२मध्ये ओबामांसमोर कोणी नव्हतंच, आणि रिपब्लिकन बाजूला रॉमनी यांचं बहुमत आमच्या प्रायमरीच्या आठवडाभर आधी पुरं झालं होतं. ते वर्ष मी सोडून देते.

२०१६चं सोडवत नाही. डेमोक्रॅटिक पक्षात हिलरी क्लिंटन आणि बर्नी सँडर्स यांची लढत शेवटपर्यंत चालली होती आणि न्यू जर्सीची प्रायमरी ७ जूनला होती, कॅलिफोर्नियाच्याच दिवशी. माझी मुलगी तेव्हा अठरा वर्षांची होती आणि सँडर्स यांच्यासाठी वेडी झाली होती. आम्हा दोघींचं पटत नव्हतं, मी क्लिंटनबाईंची. दोन महिने रोज रात्री जेवताना वाद व्हायचे, आणि ते वाद मला फार आवडायचे, कारण आमच्या घरात राजकारणावर इतकं मन लावून कोणी कधी बोललं नव्हतं. ६ जूनच्या संध्याकाळी बातमी आली की असोसिएटेड प्रेसने सुपरडेलिगेटांचा, म्हणजे अधिवेशनात हवं त्याला मत देऊ शकणाऱ्या पक्षाच्या पुढाऱ्यांचा, कल मोजून क्लिंटन यांची उमेदवारी नक्की झाल्याचं जाहीर केलं. आमचं मतदान जेमतेम दहा तासांवर आलेलं. मुलगी माझ्याकडे बघून म्हणाली, "मग उद्या जायचं कशाला, आई?" माझी उमेदवार जिंकली होती, तरी मला त्या रात्री आनंद झाला नाही. दुसऱ्या दिवशी मी तिला ओढून नेलं. तिचं आयुष्यातलं पहिलं मत असं पडलं.

रिपब्लिकन मंडळींनी असं समजू नये की हे दुसऱ्या घरचं भांडण आहे. माझे धाकटे दीर पक्के रिपब्लिकन आहेत. त्याच २०१६मध्ये इंडियानाच्या निकालानंतर ३ मेला क्रूझ बाहेर पडले आणि दुसऱ्या दिवशी केसिक. दीर केसिक यांना मत देणार होते. २०२४मध्ये त्यांना निकी हेली हव्या होत्या, त्या ६ मार्चला थांबल्या. दोन्ही वेळा त्यांनी जूनमध्ये केंद्रावर जाऊन ठरलेल्या गोष्टीवर शिक्का मारला.

२०२०मध्ये करोनामुळे आमची प्रायमरी ७ जुलैला गेली. बहुतेकांची मतं टपालाने गेली, मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून मतपत्रिका भरली. सँडर्स एप्रिलमध्येच माघार घेऊन मोकळे झाले होते. आणि २०२४मध्ये बायडेन आणि ट्रम्प या दोघांचीही डेलिगेटांची, म्हणजे अधिवेशनात उमेदवार ठरवणाऱ्या प्रतिनिधींची, बेरीज एकाच दिवशी, १२ मार्चला, पूर्ण झाली. आमचं मतदान त्यानंतर बरोबर बारा आठवड्यांनी.

पुढचं तर सगळ्या जगाने पाहिलं. २७ जूनला अटलांटात बायडेन-ट्रम्प वादविवाद झाला आणि २१ जुलैला बायडेन यांनी माघार घेतली. न्यू जर्सीने त्यांना मत देऊन सत्तेचाळीस दिवस झाले होते. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात डेलिगेटांनी ऑनलाइन मतदान करून कमला हॅरिस यांना उमेदवारी दिली. नियमात ते बसत होतं, मला मान्य आहे. नोव्हेंबरमध्ये मी त्यांना मनापासून मत दिलं, तेही खरं आहे. पण बघा, २०१९च्या ३ डिसेंबरला, देशात एकही मत पडण्याआधी त्यांची पहिली मोहीम संपली होती. दुसऱ्या वेळी त्या प्रायमऱ्या संपल्यानंतर आल्या. म्हणजे दोन निवडणुकांमध्ये मिळून त्यांना तिकीट द्यावं की नाही हे मला एकदाही कोणी विचारलं नाही. बाबा आज असते तर म्हणाले असते, शेवटी एबी फॉर्म वरूनच आला.

हा हक्क तुम्ही आम्हाला कसा दिलात हे मी वाचलं आहे. १९६८मध्ये शिकागोच्या डेमोक्रॅटिक अधिवेशनात ह्युबर्ट हम्फ्री यांना उमेदवारी मिळाली आणि त्यांनी एकही प्रायमरी लढवली नव्हती. बाहेर रस्त्यावर पोलीस तरुण मुलांना लाठ्यांनी मारत होते. त्या लाजेतून मॅकगव्हर्न-फ्रेझर आयोग आला, डेलिगेट निवडायचे नियम बदलले, राज्यांनी कायदे बदलले आणि १९७२पासून दोन्ही पक्षांत उमेदवार ठरवण्याचं काम मतदारांकडे येत गेलं. पक्षाच्या पुढाऱ्यांनी आपल्या हातातली किल्ली लोकांकडे द्यायला मोठं मन लागतं. माझ्या मायदेशात ते अजून कोणी दाखवलेलं नाही. म्हणूनच, किल्ली दिलीत आणि कुलूप मात्र आमची पाळी यायच्या आधीच उघडून टाकलंत, हे मला जास्त लागतं.

आता आयोवाबद्दल. आयोवाचे कॉकस, म्हणजे ठिकठिकाणी सभा भरवून उमेदवार निवडायची पद्धत, १९७२पासून पहिले होत आले (डेमोक्रॅटांनी २०२४मध्ये तो मान काढून घेतला), आणि न्यू हॅम्पशायरने तर पहिली प्रायमरी आपलीच असेल असा कायदाच करून ठेवला आहे. १५ जानेवारी २०२४ला आयोवातल्या रिपब्लिकन कॉकसला सुमारे १,१०,००० लोक आले. एडिसन या एका गावाची लोकसंख्या २०२०च्या जनगणनेत १,०७,५८८ होती. एवढ्या लोकांनी मतं टाकली आणि त्याच रात्री विवेक रामस्वामी बाहेर पडले, सहा दिवसांत डिसँटिसही गेले. न्यू जर्सीत ९० लाखांवर माणसं राहतात. भारतीय वंशाच्या लोकांचं प्रमाण देशात सर्वांत जास्त इथे आहे. आमच्यापर्यंत नावं पोचतात तेव्हा यादीत एकच उरलेलं असतं.

लहान राज्य आधी असण्याचे फायदे मला दिसतात. पैसा नसलेला माणूस तिथे घरोघर फिरून लोकांना भेटू शकतो. १९७६मध्ये जिमी कार्टर यांना देशात फारसं कोणी ओळखत नव्हतं, ते आयोवात फिरूनच पुढे आले. आणि २००८च्या ३ जानेवारीला, जिथे बहुतेक सगळे लोक गोरे आहेत अशा त्या राज्याने ओबामांना पहिलं केलं. ग्रीन कार्डवर असताना मी ते टीव्हीवर पाहिलं होतं, आणि याच देशाची नागरिक व्हायचं असं मी त्या रात्री ठरवलं. आयोवाच्या लोकांबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे. पण हा मान कायम त्यांच्याकडेच का? कुंभमेळ्यात शाही स्नानाला आधी कोण जाणार यावर आखाड्यांनी रक्त सांडलं, आणि शेवटी क्रम ठरवून घ्यावा लागला. तुमच्याकडे पन्नास राज्यं आहेत आणि क्रम एकदाच पडला आहे. शिवाय ज्यांच्याकडे तो मान आहे त्यांना तो नीट सांभाळताही आला नाही. २०१२मध्ये त्या रात्री रॉमनी आठ मतांनी जिंकले असं सांगितलं, आणि दोन आठवड्यांनी सँटोरम चौतीस मतांनी पुढे असल्याचं कळलं. २०२०मध्ये ॲप बंद पडलं आणि निकाल कित्येक दिवस लांबला.

क्रम महत्त्वाचा आहे, कारण उमेदवार ज्यांच्या दारात उभा राहतो त्यांचीच दुखणी त्याला पाठ होतात. आयोवात मका पिकतो, म्हणून राष्ट्राध्यक्ष व्हायला निघालेला प्रत्येक माणूस इथेनॉलवर बोलायला शिकतो. यात शेतकऱ्यांची काही चूक नाही, त्यांनी आपलं काम करून घेतलं. आमच्या दारात मात्र कोणी उभं राहत नाही. माझे यजमान पंचवीस वर्षं मेट्रोपार्क स्टेशनवरून न्यूयॉर्कला जातात. हडसन नदीखालचे दोन बोगदे १९१०चे. २०१२मध्ये सँडी वादळात त्यांत खारं पाणी शिरलं आणि तेव्हापासून ते आतून कुजत आहेत. त्याच वर्षीचा, १९१०चा, पोर्टल पूल बोटीसाठी उघडला की कित्येकदा पुन्हा नीट बंदच व्हायचा नाही आणि सगळ्या गाड्या खोळंबायच्या. नवीन बोगद्याचं एक काम २००९मध्ये सुरू होऊन २०१०मध्ये रद्द झालं, आणि पुढच्या गेटवे प्रकल्पाला वर्षानुवर्षं वॉशिंग्टनच्या मर्जीवर थांबावं लागलं. या बोगद्यांवर बॉस्टनपासून वॉशिंग्टनपर्यंतची रेल्वे चालते. पण न्यू जर्सीची प्रायमरी फेब्रुवारीत असती, तर आयोवात डेस मोइन्सच्या जत्रेत तळलेलं खाताना फोटो काढणारे उमेदवार एकदा तरी सकाळी सात वाजता मेट्रोपार्कच्या फलाटावर उभे राहिले असते.

घरपट्टीचंही तेच. आमच्याइतका प्रॉपर्टी टॅक्स देशात कुठे नाही, आणि २०१७च्या कायद्याने राज्य-स्थानिक करांच्या वजावटीवर १०,००० डॉलरची मर्यादा घातली तेव्हा आमच्या गल्लीतल्या प्रत्येक घराला झळ बसली. आणि ग्रीन कार्ड. भारतात जन्मलेल्या माणसाला नोकरीच्या वाटेने ग्रीन कार्ड मिळायला दहा-दहा, वीस-वीस वर्षं लागतात, मुलं एकविसाची होऊन आईबापांच्या अर्जातून बाहेर पडतात. ओक ट्री रोडवर, आमच्या इथल्या भारतीय बाजारात, एक तास थांबलात तर यातली दहा कुटुंबं भेटतील. उमेदवार न्यू जर्सीत येतात, हे मला माहीत आहे. कोणाच्या तरी मोठ्या घरी, आमंत्रितांसाठी, देणगी घ्यायला येतात. आम्हाला ते फक्त अडवलेल्या रस्त्यावरून कळतं.

तुम्ही म्हणाल, तारीख तुमच्या राज्याने ठरवली आहे, आम्हाला का सांगता? राज्याने एकदा बदलूनही पाहिली. २००८मध्ये न्यू जर्सी ५ फेब्रुवारीला गेली. त्या दिवशी वीसहून अधिक राज्यं एकदमच आली, आणि त्या गर्दीत आमच्याकडे कोणी बघितलं नाही. राज्यातल्या इतर पदांसाठी जूनमध्ये पुन्हा वेगळी प्रायमरी घ्यावी लागली, खर्च दुप्पट. आणि त्याच वर्षी ओबामा-क्लिंटन लढत जूनपर्यंत चालली. जागेवर राहिलो असतो तर उभ्या देशाचे डोळे आमच्यावर असते. खर्च परवडत नाही म्हणून आम्ही पुन्हा जूनमध्ये गेलो. मिशिगन आणि फ्लोरिडाने त्याच वर्षी नियमाच्या आधी उडी मारली, तर त्यांचे डेलिगेट काढून घेतले गेले. एकेकट्या राज्याने हा गुंता सुटत नाही. प्रत्येकजण बसमध्ये पुढे घुसायला लागला की कोणीच नीट चढत नाही. रांग लावायचं काम तुमचं आहे.

त्याचे आराखडेही तयार पडले आहेत. राज्यांत निवडणुका सांभाळणाऱ्या सेक्रेटरी ऑफ स्टेट मंडळींच्या संघटनेने १९९९मध्येच सांगितलं होतं की देशाचे चार विभाग करा, प्रत्येक विभाग एकेका महिन्यात मत देईल आणि दर चार वर्षांनी पहिला मान पुढच्या विभागाकडे जाईल. २००५मध्ये कार्टर आणि बेकर यांच्या आयोगाने, म्हणजे एक माजी डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष आणि एक रिपब्लिकन परराष्ट्रमंत्री यांनी मिळून, साधारण तेच सुचवलं. २०००मध्ये रिपब्लिकन पक्षापुढे लहान राज्यं आधी आणि मोठी शेवटी अशी डेलावेअर योजना आली होती, ती अधिवेशनात जाण्याआधीच बारगळली. मला फिरता क्रम सर्वांत न्याय्य वाटतो. सुरुवातीला दोन-तीन लहान राज्यं ठेवा, पण तीही दर वेळी बदला. एखाद्या वर्षी न्यू जर्सी शेवटी आली तरी माझी तक्रार नसेल, कारण पुढच्या खेपेला पाळी येणार हे मला ठाऊक असेल. आजच्या क्रमात आमची पाळी येतच नाही.

डेमोक्रॅटिक समितीने २०२३मध्ये साउथ कॅरोलिनाला पहिलं केलं तेव्हा मी मनापासून टाळ्या वाजवल्या. त्या राज्यातल्या काळ्या मतदारांनी वर्षानुवर्षं या पक्षाला खांदा दिला आहे, तो मान त्यांचाच होता. पण ते बदललं कधी? गादीवरचा राष्ट्राध्यक्ष उमेदवार असताना, त्याला सोयीचं होतं तेव्हा. न्यू हॅम्पशायरने ऐकलं नाहीच, २३ जानेवारीला मतदान घेतलं, आणि मतपत्रिकेवर नाव नसताना लोकांनी बायडेन यांचं नाव हाताने लिहून त्यांना जिंकवलं. २०२८साठी दोन्ही पक्षांत जागा मोकळी असेल. क्रम आत्ताच ठरवा. कोण उभं राहणार ते कळल्यावर ठरवलात तर लोक म्हणतील, याच्यासाठी केलं, त्याच्यासाठी केलं, आणि तसं म्हणण्यात त्यांची चूक नसेल.

असं काही बदलत नसतं, असं मला आमच्या मंडळातले लोक सांगतात. मी त्यांना आमच्या मतपत्रिकेचं उदाहरण देते, तुम्हालाही देते. न्यू जर्सीत काउंटी लाइन नावाचा प्रकार होता, देशात फक्त इथेच. काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, पक्षनेत्यांनी ज्यांना पसंती दिली ते सगळे, राष्ट्राध्यक्षापासून गावच्या समितीपर्यंत, एका ओळीत एकाखाली एक छापायचे. बाकीचे उमेदवार दूर कोपऱ्यात, कधीकधी मध्ये मोकळ्या चौकटी सोडून. त्या कोपऱ्याला इथले लोक सायबेरिया म्हणायचे. २१पैकी १९ काउंट्यांमध्ये असं चालायचं. मी स्वतः पहिली काही वर्षं सरळ ओळीत बोट फिरवून मत दिलं आहे, कारण अधिकृत मतपत्रिका तशीच असते असं मला वाटायचं.

फेब्रुवारी २०२४मध्ये सेनेटसाठी उभे असलेले अँडी किम यांनी त्याविरुद्ध दावा लावला. तेव्हाच्या गव्हर्नरांच्या पत्नी टॅमी मर्फीही त्याच शर्यतीत होत्या आणि मोठमोठ्या काउंट्यांच्या ओळी त्यांना मिळत होत्या. २९ मार्चला केंद्रीय न्यायालयाचे न्यायाधीश झाहिद कुरैशी यांनी ती पद्धत थांबवली. त्या जूनमध्ये डेमोक्रॅटिक मतपत्रिका पहिल्यांदा पदानुसार छापली गेली. एका पदाखाली त्या पदाचे सगळे उमेदवार, बस. केंद्रावर दिवसभर लोक वाकून वाचत होते. एका बाईंनी मला सांगितलं की वीस वर्षांत पहिल्यांदा प्रत्येक नाव वाचलं. मार्च २०२५मध्ये त्याचा कायदा झाला, आणि तीन महिन्यांनी गव्हर्नरपदाच्या प्रायमरीत डेमोक्रॅटिक बाजूला सहा तगडे उमेदवार उतरले. तेच राज्य आणि तोच जून महिना, पण २०२४च्या राष्ट्राध्यक्षीय प्रायमरीपेक्षा कितीतरी जास्त मतं पडली. न्यू जर्सीचे लोक प्रायमरीबद्दल उदासीन आहेत असं कृपा करून कोणी म्हणू नका. ठरवायला काही असलं की आम्ही येतो.

पाळी मिळाली तरी एक अडचण राहते, ती म्हणजे उमेदवारांची गर्दी. फेब्रुवारी २०१६मध्ये साउथ कॅरोलिनात ट्रम्प यांना ३२.५ टक्के मतं मिळाली आणि डेलिगेट पन्नासच्या पन्नास. आमच्याच माणसाचं उदाहरण देते, म्हणजे कोणाला वाईट वाटायला नको. बेळगावचे श्री ठाणेदार २०२२मध्ये डेट्रॉइटच्या मतदारसंघातून निवडून आले तेव्हा आम्हा मराठी लोकांना केवढा अभिमान वाटला. पण त्या ऑगस्टच्या प्रायमरीत नऊ उमेदवार होते आणि ठाणेदारांची मतं होती २८ टक्के. बहुसंख्य काळ्या लोकांच्या त्या शहराला जवळजवळ सत्तर वर्षांत पहिल्यांदा काँग्रेसमध्ये काळा प्रतिनिधी उरला नाही. ठाणेदारांनी काही वावगं केलं नाही, नियमाप्रमाणे जिंकले. मात्र दहातल्या सात जणांना दुसरं कोणीतरी हवं होतं, तर त्यांना दुसरी पसंती विचारायला काय हरकत होती? मेन राज्यात पसंतीक्रमाने मतं घेतात. २०२०मध्ये अलास्का, हवाई, कॅन्सस आणि वायोमिंगच्या डेमोक्रॅटांनीही प्रायमरीत तसंच केलं. त्याच वर्षी डेमोक्रॅटिक उमेदवार बुटिजेज १ मार्चला आणि क्लोबुचर २ मार्चला बाहेर पडले, आणि अनेक राज्यं एकदम मत देतात त्या ३ मार्चच्या सुपर ट्यूझडेसाठी टपालाने आधीच पाठवलेली त्यांची मतं वाया गेली. दुसरी पसंती लिहिलेली असती तर ती मतं जिवंत राहिली असती. महाराष्ट्रात आमदार विधानपरिषदेवर माणसं याच पद्धतीने पाठवतात. आमदारांना जमतं, तर आम्हालाही १, २, ३ लिहिता येईल.

शेवटचं मागणं २१ जुलैबद्दल, म्हणजे बायडेन यांच्या माघारीबद्दल आहे. प्रायमऱ्या संपल्यानंतर उमेदवाराने माघार घेतली, तर पुढे काय करायचं हे आधी लिहून ठेवा आणि मतदाराला वाचता येईल अशा भाषेत लिहा. आजचा नियम डेलिगेटांवर सोपवतो. मग ते डेलिगेट कोण आहेत, त्यांची नावं आम्हाला मत देतानाच दिसू द्या, आणि ज्या राज्यांचं मतदान शेवटी असतं त्यांना निदान एक सार्वजनिक चर्चा तरी मिळू द्या. त्या दोन आठवड्यांत मी माझ्या भागाचा डेलिगेट कोण हे शोधायला तीन ठिकाणी फोन केले. एकाही ठिकाणी मला सरळ उत्तर मिळालं नाही.

न्यू जर्सीत कुठल्याच पक्षात नाव नसलेले वीस लाखांहून अधिक मतदार आहेत. आमच्या ओळखीतले निम्मे मराठी लोक त्यातच आहेत. पक्ष सांगायला संकोच वाटतो, ऑफिसात कळेल, शेजाऱ्यांना कळेल, असं म्हणतात. मी त्यांना समजावते, की आपण सांगितलेला पक्ष म्हणजे लग्न नव्हे, पुन्हा बदलता येतो. काही ऐकतातही. पण जूनमध्ये ते विचारतात की आता उमेदवार कोण कोण आहेत, आणि मी एकच नाव सांगते, तेव्हा ते घरी थांबतात. त्यांना दोष द्यायला माझी जीभ उचलत नाही.

सध्याच्या कायद्याने न्यू जर्सीची पुढची राष्ट्राध्यक्षीय प्रायमरी ६ जून २०२८ला आहे. प्रकृतीने साथ दिली तर मी साडेपाचला केंद्रावर असेन. ते तेलुगू गृहस्थ माझ्याच वॉर्डातले आहेत, देवळात भेटतात. मागच्या महिन्यात म्हणाले, "तुम्ही माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाहीत." मी त्यांना सांगितलं आहे की मी लिहून विचारते. तुमच्याकडून काही आलं की त्यांना वाचून दाखवीन.

आपली नम्र,
एडिसन, न्यू जर्सी येथील एक मतदार